मामांची मशीन आणि बिराजदारची एक्सटी

अकरावी आणि बारावी अशी दोन वर्षं मी लातूरला मामांच्या घरी काढली. नांदेडला कॉलेजं नव्हती असं नाही. पण त्या काळात दहावीला बरे गुण पडले की मुलांना लातूरला पाठवायचं अशी लाटच आली होती आणि टपाल खात्यात नोकरी करणारे माझे वडील लाटेविरुद्ध जाणारे गृहस्थ नव्हते. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि आईनं दिलेला येसराचा, म्हणजे आमटीत घालायच्या भाजक्या मसाला-पिठाचा, डबा घेऊन मी एसटीतून उतरले, तेव्हा स्टँडपासून मामांच्या घरापर्यंत क्लासच्या पाट्या मोजत गेले. एकोणीस भरल्या. मला तेव्हाही मोजायची सवय होती. ती अजून गेलेली नाही. माझी मुलं त्यावरून मला हसतात.

मामा कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि सकाळी सहा ते आठ घरामागच्या पत्र्याच्या खोलीत क्लास घेत. घर तीन खोल्यांचं. सकाळी जाग यायची ती मुलांच्या सायकली भिंतीला टेकवण्याच्या आवाजानं, मग मामांचा फळ्यावरचा खडू, आणि त्या सगळ्याच्या खाली दूरच्या डाळ मिलची घरघर, जी रविवारी बंद असली की चुकल्यासारखं वाटे. नळाला पाणी चार दिवसांनी येई. त्या दिवशी मामी क्लासमधल्या मागच्या बाकावरच्या दोन मुलांना उठवून सरळ हंडे भरायला लावी आणि मामा फळ्याकडे तोंड करून न पाहिल्यासारखं करत. नाश्त्याला बहुधा सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी, वर शेंगदाण्याचं कूट. रात्री भाकरी आणि येसर घातलेली आमटी. ती आमटी मी पुढे पुण्यात बारा वर्षं करून पाहिली. चव आली, पण तो दाटपणा कधी आला नाही.

घरात माझ्याबरोबर गोदावरी राहत असे. रेणापूरजवळच्या एका गावची, माझ्याच वर्गातली. तिचे वडील एसटीत कंडक्टर होते, उदगीर डेपोला. मुलीनं डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी तिला मामांकडे आणून सोडलं होतं. महिन्यातून एकदा ते खाकी कपड्यातच येत, ओसरीच्या कडेला बसत, आत या म्हटलं तरी आत येत नसत आणि मामीच्या हातात गावाकडच्या हुरड्याची किंवा हरभऱ्याची पिशवी देत. गोदावरी अभ्यासाला माझ्यापेक्षा हुशार होती, हे इथं लिहून टाकते.

आणि आतल्या खोलीत, कपाट आणि खिडकी यांच्या मध्ये, मामांची मशीन होती. ती त्यांनी स्वतः जुळवलेली. सुटे भाग हैदराबादहून, मुंबईहून, काही भंगारातून. वर स्टीलच्या डब्याचं झाकण कापून केलेलं आवरण आणि शेजारी एक छोटा टीव्ही. तिच्या पोटात झेड-ऐंशी नावाची चिप होती. मी नांदेडच्या शाळेत कॉम्प्युटर पाहिला होता, पण झाकलेला. सरकारी योजनेतून आलेला, निळ्या कापडाखाली, कुलपाच्या खोलीत. त्यात पासष्ट-शून्य-दोन नावाची चिप होती हेही मला मामांनीच सांगितलं. इथं मात्र मला की-बोर्डला हात लावता येत होता. सोल्डरिंगच्या राळेचा वास मला अजून कुठंही आला तरी मी ओळखते.

जेवणं झाली की मामा चिपबद्दल बोलत. दुसऱ्या घरात लोक राजकारणावर बोलायचे तसं. पासष्ट-शून्य-दोन का चालली? कारण ती बाकीच्यांच्या मानानं फारच स्वस्त होती. जे लोक घरात बसून मशीन जुळवत होते त्यांना परवडली. झेड-ऐंशी का चालली? कारण तिच्या आधीच्या चिपसाठी लिहिलेले प्रोग्राम तिच्यावर जसेच्या तसे चालत आणि मेमरी जागती ठेवायचं काम ती स्वतःच करी, म्हणून भोवती चिप कमी लागत. हे सांगताना मामांचा आवाज मऊ होई. मग ते अडुसष्ट हजार नावाच्या चिपवर येत. ती त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलीही नव्हती, फक्त मासिकात तिचा नकाशा पाहिला होता, पण ते तिच्याबद्दल एखाद्या गायकाबद्दल बोलावं तसं बोलत. आणि शेवटी यायची आठ-शून्य-आठ-आठ. जिच्यावर जगातल्या सगळ्या ऑफिसांचे कॉम्प्युटर चालू लागले होते ती.

"आत सोळा पोती मावतील एवढं गोदाम," मामा म्हणत, "आणि दार आठ पोत्यांचं. अशी ती चिप. दोन खेपा केल्याशिवाय माल बाहेर येत नाही. आणि जग हिच्यामागं लागलंय."

"मग का घेतली त्यांनी?" मामी भांडी आवरता आवरता विचारी.

"स्वस्त पडतं म्हणून. दार लहान असलं की बाहेरचे जुने, साधे भाग चालतात."

"मग बरोबरच केलं की. मी मिक्सर घेताना काय बघितलं? भांडं गेलं तर गावात मिळतं का. तुम्ही सांगितलेला मिक्सर लई भारी होता, पण त्याचं पातं आणायला सोलापूरला कोण जाणार?"

"मिक्सरची गोष्ट वेगळी."

"असंल," मामी म्हणे. आणि विषय संपे.

समोरच्या रस्त्यावर, कापड दुकानाच्या माडीवर, बिराजदारचा कॉम्प्युटर क्लास होता. बिराजदार हा मामांचाच जुना विद्यार्थी. फिजिक्समध्ये जेमतेम पास झालेला. त्यानं चार एक्सटी मशीन आणून ठेवल्या होत्या, म्हणजे तीच आठ-शून्य-आठ-आठ. तिथं मुलं बाहेर जोडे काढून आत जात आणि पंख्याखाली बसून पत्र टाइप करायला शिकत. मामांच्या दृष्टीनं ते शिक्षणच नव्हतं. बिराजदार रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करी आणि हमखास चिमटा काढी. "सर, तुमची मशीन लई हुशार हाय. पण ती कुणाशी बोलत न्हाई बघा." मामा हसत, पण घरी आल्यावर मशीनचं झाकण काढून बसत.

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. त्याबद्दल फार लिहायचं नाही, लिहिणाऱ्यांनी लिहिलं आहे. आमच्या घराला एक उभी चीर पडली आणि मामांची मशीन टेबलाच्या कडेपर्यंत सरकली, पडली नाही. सकाळ होता होता कळलं की खरा मार किल्लारीच्या बाजूला बसला आहे. दुपारपासून लातूरच्या रस्त्यांवरून जीप, टेम्पो, ट्रॅक्टर भरभरून जखमी येऊ लागले. सरकारी दवाखाना भरला, मग शाळा, मंगल कार्यालयं. आणि त्यांच्यामागं नातेवाईक. हातात कागदाचा चिटोरा घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात जाणारी माणसं.

मामांनी तेव्हा जे केलं ते माझ्या आठवणीत त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे, हे आधी सांगते, कारण पुढं मी चुकीबद्दल लिहिणार आहे आणि ती त्यांची नव्हती. कॉलेजची मुलं प्रत्येक ठिकाणी जाऊन जखमींची नावं कागदावर उतरवून आणत होती. मामांनी मशीन कॉलेजच्या व्हरांड्यात नेऊन मांडली आणि एका दिवसात प्रोग्राम लिहिला. गावाचं नाव सांगितलं की त्या गावची माणसं कुठं कुठं आहेत ते पडद्यावर येई. लोक टीव्हीसमोर रांग लावून उभे राहत. एक म्हातारा पडद्यावर आपल्या सुनेचं नाव दिसल्यावर मशीनच्या डब्याला हात लावून पाया पडला.

अडचण जागेची होती. झेड-ऐंशीला चौसष्ट हजार अक्षरांपलीकडे दिसतच नाही. त्यातली निम्मी जागा प्रोग्रामच खाई. उरलेल्या जागेत एकेका माणसाची सगळी माहिती पूर्ण अक्षरांत लिहिली तर फारच थोडी माणसं मावली असती. तोडगा मी काढला. गावाचं नाव लिहायचंच नाही, दोन आकडी नंबर द्यायचा. एकेका नावाला सव्वीस जागा. एका फ्लॉपीवर बाराशे माणसं, आणि मशीनमध्ये एका वेळी एकच फ्लॉपी. मी पडलेल्या गावांची यादी करून त्यांना नंबर दिले आणि जवळजवळची गावं एकेका फ्लॉपीवर घेतली. अशा चार फ्लॉप्या झाल्या. यादीत नसलेलं गाव आलं तर नव्याण्णव, म्हणजे 'इतर', आणि ती नावं पाचव्या फ्लॉपीवर. मामांनी माझी पाठ थोपटली. मी तीन दिवस लाल पेन्सिल घेऊन कागदांवर नंबर टाकत होते. फक्त गावाचा रकाना बघायचा आणि नंबर टाकायचा; नावं बघत बसलं तर काम मागं पडे.

तिसऱ्या दिवशी, नंबर टाकून होत आले असताना, गोदावरीची आई आणि काका आले. तिच्या वडिलांची त्या रात्री मुक्कामी गाडी होती. म्हणजे संध्याकाळी डेपोतून निघायचं, किल्लारीच्या पलीकडच्या एका लहान गावात रात्री थांबायचं आणि सकाळची पहिली फेरी करत परत यायचं. ड्रायव्हर टपावर झोपला होता, तो वाचला. कंडक्टर देवळाच्या ओसरीवर झोपले होते. ड्रायव्हरनं सांगितलं की त्यांना बाहेर काढलं, डोक्याला मार होता, शुद्ध नव्हती, आणि कुणीतरी एका जीपमध्ये घातलं. जीप कुणाची, कुठं गेली, ते त्याला सांगता येईना. लातूर, उमरगा, सोलापूर, कुठंही.

गोदावरी माझ्याकडे आली. मी त्या मुक्कामाच्या गावाचा नंबर घातला. नाव नाही. मग मी चारही फ्लॉप्या एकामागून एक घालून त्यांचं नाव शोधलं. नाही. मी तिला म्हणाले, "सगळी यादी बघितली गं. लातूरला नाहीत."

सगळी, असं म्हणाले. पाचवी फ्लॉपी माझ्या डोक्यातच आली नाही. जी गावं पडलीच नाहीत तिथली माणसं तिच्यात. तिच्यात कोण असणार, असंच मी धरून चालले होते. माझ्या शब्दावर तिची आई आणि काका सोलापूरला गेले.

ते तिथं दोन दिवस फिरले. गोदावरी आमच्याकडेच थांबली, कारण वडिलांचा काही निरोप आला तर तो मामांच्या पत्त्यावर येणार होता. ती मामीबरोबर दवाखान्यातल्या लोकांसाठी भाकऱ्या थापत राहिली. एका दुपारी बिराजदार घाईघाईनं घरी आला. त्याच्या हातात फ्लॉपी होती.

"सर, सोलापूरच्या दवाखान्यांची यादी आली. तिथल्या पोरांनी एक्सटीवर केलीय. उमरग्याची बी यायलीय."

मामांनी ती फ्लॉपी घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "माझ्या मशीनला ही वाचता येणार नाही."

"माहीत हाय, सर. म्हणून म्हणतो, तुमची यादी माझ्याकडं आणा. एकाच ठिकाणी सगळं होईल."

"माझ्या फ्लॉप्या तुझ्या मशीनला वाचता येत नाहीत."

"मग कागदावरनं पुन्हा टाइप करू. चार मशीन हायत, पोरं हायत."

"पुन्हा? सगळं?" मामा म्हणाले. "इतकी चांगली चाललीय ती कॉलेजात. तू तुझी यादी छापून दे, आम्ही ती हिच्यात भरतो."

बिराजदार जायला वळला. त्याला बसा म्हणून मामीनं ताट वाढलं, मामांनाही वाढलं. तेवढ्यात गोदावरी आतून भाकरी घेऊन आली. ती बोलणं ऐकत होती. तिनं भाकरी ताटात वाढली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "सर, ती यादी तुमच्या मशीनमधी का बसत न्हाई?"

मामांनी तिला समजावून सांगितलं. फ्लॉपीवर खुणा कशा असतात, प्रत्येक मशीनची लिहायची पद्धत कशी वेगळी, चिपच वेगळी म्हटल्यावर प्रोग्रामही कसा चालत नाही. वर्गात सांगत तसंच, नीट, पायरीपायरीनं. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"म्हंजे बाबाचं नाव त्यात असलं," ती म्हणाली, "तर तुमच्या मशीनला ते दिसणार न्हाई."

"नाही."

"आन तुमच्यात असलं तर त्यांच्या मशीनला न्हाई."

मामांचा घास हातातच राहिला. मग तो त्यांनी ताटात ठेवला, हात धुतला आणि पायात चप्पल घातली. "नंदे, कागदांचे गठ्ठे घे," ते मला म्हणाले. "बिराजदार, तुझ्याकडे पंखा चालू आहे का? मला घाम फार येतो." बिराजदारचं जेवण अर्धंच झालं होतं, तरी तो उठला. रस्ता ओलांडून त्या माडीवर मामा पहिल्यांदाच चढले. बाहेर जोडे काढायचे असतात हेही बिराजदारनंच त्यांना सांगितलं.

आता मागं वळून पाहते तेव्हा वाटतं, मामांनी आम्हाला उत्तर आधीच सांगितलं होतं, फक्त ते त्यांना स्वतःला ऐकू आलं नव्हतं. त्यांची लाडकी झेड-ऐंशी चालली ती जुने प्रोग्राम तिच्यावर चालले म्हणून, आणि भोवती कमी भागांत काम भागलं म्हणून. आठ-शून्य-आठ-आठही त्याच कारणांनी चालली. बाहेरचे भाग स्वस्त आणि हाताशी होते, जुने प्रोग्राम थोड्या फेरफारानं तिच्यावर आणता आले, आणि मेमरी दहा लाख अक्षरांच्या पुढं दिसत होती. ती चिप एकाहून अधिक कारखाने करत होते, म्हणून एकाकडे अडलं तर काम थांबत नव्हतं. मग एका मोठ्या कंपनीनं ती आपल्या मशीनमध्ये घातली, दुसऱ्यांनी तसल्याच मशीन केल्या, आणि सोलापूरच्या पोरांनी भरलेली फ्लॉपी लातूरच्या माडीवर उघडू लागली. अडुसष्ट हजार खरंच जास्त चांगली होती, मामांचं त्यात चुकलं नव्हतं. पण ती निवडायच्या वेळी तिच्याभोवतीचं सामान महाग होतं आणि पुरतं तयार नव्हतं. हे मी पुढं वाचून, पडताळून लिहिते आहे. त्या दुपारी मला यातलं काहीही कळत नव्हतं.

त्या दुपारी मी एका मुलाशेजारी स्टुलावर बसून कागदावरचं वाचून दाखवत होते आणि तो टाइप करत होता. इथं नंबर टाकायचे नव्हते. गावाचं पूर्ण नाव, कुठून आणलं ते, कागदावर जे जे आहे ते सगळं लिहायला जागा होती. मामा पलीकडच्या मशीनवर एका विद्यार्थिनीला वाचून दाखवत होते. बिराजदार मधेच येऊन म्हणाला, "सर, तुमचा उच्चार ऐकून पोरीला परीक्षेची आठवण यायलीय." मामा म्हणाले, "तुला कधी आली नाही ती." सगळे हसले. गोदावरी दारापाशी उभी राहून टाइप झालेले कागद गठ्ठ्यात लावत होती.

बहुधा चौथ्या गठ्ठ्यात, मी वाचलं, "वय सेहेचाळीस. बेशुद्ध. गाव उदगीर, खिशातल्या ड्यूटीच्या कागदावरून." आणि मग नाव सांगायला डावीकडे पाहिलं. नावापुढं माझ्याच लाल पेन्सिलीनं नव्याण्णव लिहिलेलं होतं. उदगीर पडलं नव्हतं. म्हणून इतर.

"पुढं?" टाइप करणारा मुलगा म्हणाला.

मला पुढं वाचता येईना. मामांनी मान वळवली, उठून आले आणि कागद माझ्या हातातून घेतला. त्यांनी तो एकदा वाचला. मग त्यांनी गोदावरीला हाक मारली, तीही नेहमीच्या आवाजात, आणि ज्या शाळेत तिचे वडील होते तिचं नाव सांगितलं. ती शाळा आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होती.

ते जिवंत होते. आम्ही पोचलो तेव्हा डोकं बांधलेलं होतं, डोळे उघडे होते पण माणूस ओळखत नव्हते. सोलापूरला निरोप गेला, तिची आई आली. तिसऱ्या दिवशी त्यांनी गोदावरीला नावानं हाक मारली आणि तिचा अभ्यास बुडतोय का, असं विचारलं. पुढं एक कान कायमचा गेला, पण डेपोत बसून करायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. मामांनी मशीन कॉलेजच्या व्हरांड्यातून परत आणली. ती त्यांनी मोडली नाही. दिवाळीनंतर मात्र ते संध्याकाळी बिराजदारच्या माडीवर जाऊ लागले, त्याच्या मुलांना चिपच्या आत काय चालतं ते शिकवायला. बिराजदार त्या वेळात स्वतः मागच्या बाकावर बसे.

मी गोदावरीला सांगायचं टाळत होते. तिच्या वडिलांना शाळेतून घरी न्यायच्या आदल्या दिवशी सकाळी ती मामीनं दिलेला डबा भरत होती, तेव्हा मी सांगितलं. ते पहिल्यापासून आमच्याच यादीत होते. पाचव्या फ्लॉपीवर. मी ती बघितली नव्हती, आणि तुला सगळी बघितली म्हणून सांगितलं. माझ्यामुळं तुझी आई दोन दिवस सोलापूरला फिरत राहिली.

तिनं डब्याचं झाकण लावलं. "मला माहीत हाय," ती म्हणाली. "तू वाचता वाचता थांबलीस. मी मागून कागद बघितला. लाल पेन्सिल घरात तुझीच हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आधी बाबाला खाऊ घालायचं होतं." तिनं डबा पिशवीत ठेवला. "राग आला होता. अजून हाय थोडा."

तिनं डब्याची पिशवी माझ्या हातात दिली, स्वतः पाण्याची कळशी घेतली, आणि आम्ही दोघी शाळेकडे निघालो.